दोन अर्धी चाकं

मास्तरांची विमानात बसायची एक रीत होती. आधी एक हात कमरेवर, मग दुसरा पंखाच्या टेकूला, मग "आई गं", आणि मग आत. हा क्रम कधी चुकला नाही. फ्लाइंग क्लबात शिकायला आलेल्यांना पहिल्या आठवड्यात विमान काही उडवता यायचं नाही, पण मास्तरांसारखं "आई गं" म्हणता यायचं. कँटीनमध्ये एकजण तसा कण्हत खुर्चीत बसला की दुसरा लगेच घसा खाकरून पुढचं म्हणायचा, "अजून थोडं... अजून थोडं... माझ्याकडे!" की झालं, सगळे टेबलं बडवून हसायचे. मास्तर शेजारच्याच टेबलावर चहा पीत असायचे. एकदा ते नुसतं एवढंच म्हणाले, "'आई गं' थोडं खालून काढ. पोटातून. तुझं गळ्यातून येतंय."

आता ते "माझ्याकडे" काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं.

त्या विमानात माणसं दोनच मावायची, तीही खांद्याला खांदा घासत. दोघांच्याही पुढ्यात एकेक अर्धं चाक. बसच्या स्टिअरिंगचा वरचा घास कोणीतरी चावून खाल्ल्यासारखं. दोन्ही चाकं आतून जोडलेली, एक वळलं की दुसरंही वळणार. त्यामुळे विमान कोण चालवतंय हे नुसतं बघून कळायचं नाही, तोंडाने बोलावं लागायचं. घेणाऱ्याने म्हणायचं, "माझ्याकडे." देणाऱ्याने म्हणायचं, "तुमच्याकडे," आणि हात काढून मांडीवर ठेवायचे. भरलेल्या पातेल्यासारखं आहे हे. दोघांनी ओढलं तर सांडतं, दोघांनी सोडलं तर पायावर पडतं.

मास्तर घ्यायचे नेमाने. द्यायचं मात्र त्यांचं राहून जायचं. विमान जरा कलंडलं की माझ्याकडे. वारा आडवा आला की माझ्याकडे. लांब कुठेतरी एखादी घार स्वतःच्या कामाला चालली असली तरी माझ्याकडे. पुढेपुढे तर बोलायचेही नाहीत, नुसते घ्यायचे. विद्यार्थी म्हणायचे, मास्तरांकडे शिकणं म्हणजे आईकडे स्वयंपाक शिकणं. झारा हातात देते, पण हात काही सोडत नाही.

पूर्वी असं नव्हतं. एकटं सोडण्यात मास्तरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. शिकणाऱ्याची दोन-तीन लँडिंग बरी झाली की ते विमान कडेला थांबवायला सांगायचे, दार उघडून खाली उतरायचे आणि म्हणायचे, "माझा चहा निवतोय. तू एक चक्कर मारून ये." पोरगं भेदरून काही बोलायच्या आत पाठ फिरवून चालूही लागायचे.

मग लंबूचं झालं.

लंबू म्हणजे ताडमाड पोरगा, विमानात बसला की गुडघे कानाला लागायचे. त्याला मास्तरांनी असंच सोडलं होतं. चहा निवतोय, चक्कर मारून ये. तो वर चढत असताना समोरून घार आली आणि पुढची काच फोडून आत घुसली. लंबूने विमान खाली आणलं, नीट आणलं, पण त्याचा उजवा डोळा गेला. चौकशी झाली. घार कुठून येईल हे घारीलाही माहीत नसतं, यात कोणाचा दोष नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. लंबू आता एका फर्निचरच्या दुकानात कपाटं विकतो आणि मधूनमधून फोन करतो. "मास्तर, एका डोळ्याने जग अर्धं दिसतं असं नाही हो. सगळं दिसतं. फक्त उजवीकडचा माणूस एकदम टपकन उगवतो. काल मालकच उगवले!" तो खो खो हसायचा. मास्तरही इकडून "हो का, हो का" करायचे, फोन ठेवायचे आणि जेवणावरून उठायचे.

त्यानंतर मास्तरांनी कोणालाच एकटं सोडलं नाही. नाही म्हणायचे नाहीत, तेवढा जोर त्यांच्यात उरला नव्हता. नुसतं "अजून थोडं" म्हणायचे. विद्यार्थी कंटाळून क्लबातल्या दुसऱ्या शिक्षकाकडे, धाकट्या सरांकडे जायचे, धाकटे सर त्यांना आठवड्याभरात एकटं सोडायचे, आणि मास्तरांकडे नवीन कोणीतरी यायचं.

शेवटची आली ती शंका.

ती शाळेत गणित शिकवायची. वय तिशीच्या पुढे, दप्तरासारखी मोठी बॅग, आणि दर वाक्याच्या आधी "मास्तर, एक शंका आहे." पहिल्याच दिवशी मास्तरांनी वैतागून विचारलं होतं, "तुला इतक्या शंका येतात तरी कुठून?"

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या शंका फेडल्या, मास्तर. आता माझी पाळी."

तेव्हापासून क्लबात तिचं नाव शंका. तिने मोठी रजा काढली होती. रजा संपायच्या आत एकटीने विमान उडवून दाखवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. आणि रजा आता संपत आली होती.

त्या सकाळी मास्तर उठले तेच थकलेले. स्वयंपाकघरातला नळ टपटपत होता. बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी होती.

"मी काही बोलत नाही," ती म्हणाली.

मास्तरांनी पायमोजा चढवता चढवता डोळे मिटले. ती असं म्हणाली की बराच वेळ बोलायची.

"मी काही बोलत नाही, पण हा नळ गेला महिनाभर गळतोय. प्लंबरला फोन करते म्हटलं तर म्हणालात, मी बघतो. बघताय ना? बघा. छान दिसतो. बादली भरली की मी ओतते, तुम्ही बघा. आणि ती पाठीची गोळी घेतलीत का? मी काही बोलत नाही."

"घेतो."

"घेतो नाही. घ्या."

मास्तरांनी गोळी घेतली. बाहेर सगळं माझ्याकडे माझ्याकडे करणारा हा माणूस घरात आला की सगळं तुझ्याकडे करून मोकळा व्हायचा. बायकोला हे ठाऊक होतं. तिला बरंच काही ठाऊक होतं, ती काही बोलत नव्हती एवढंच.

क्लबात मॅनेजर दारातच भेटले. रेडिओवर बोलायचं कामही तेच करायचे. त्यामुळे साधं बोलतानाही थांबून, उत्तराची वाट बघून, मग पुढचं वाक्य सोडायची त्यांना सवय लागली होती.

"मास्तर. मी काय म्हणतो."

थांबले.

"बोला," मास्तर म्हणाले.

"शंकाबाईंची रजा संपतेय. या आठवड्यात त्यांना एकटं सोडायचं. नाहीतर मी त्यांना धाकट्यांकडे देतो."

थांबले.

"हं."

"आणि मी काय म्हणतो, त्यांना दिलं तर मग तुमच्याकडे कोणीच नाही. मग तुम्ही सरळ वर्गात बसा ना. फळ्यावर शिकवा. पंखा आहे, खिडकी आहे. खुर्ची मी नवीन मागवलीय. मागे रेलते. दाखवू?"

त्यांनी दाखवलीच. काळी, गुबगुबीत, डोकं टेकायलाही उशीसारखं काहीतरी. मास्तर बसले. खुर्ची हळूच मागे रेलली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कमरेने हूं की चूं केलं नाही. त्यांना वाटलं, आत्ताच हो म्हणावं. इथूनच म्हणावं, उठूच नये. मग कोणाला सोडायला नको, कोणाला धरायला नको. खिडकीतून दुसऱ्यांची विमानं बघायची आणि चहा निवू द्यायचा नाही.

पण दारात शंका उभी होती. बॅग पोटाशी धरून.

"मास्तर, एक शंका आहे."

"बोल."

"मला जमत नाहीये का? तसं असेल तर तसं सांगा. मी मुलांना सांगते. तुला नाही जमत, खाली बस. वाईट वाटतं, पण कळतं तरी. हे 'अजून थोडं' म्हणजे किती, हे मला गणितात बसवता येत नाहीये."

मास्तर खुर्चीतून उठले. "आई गं" झालं, पोटातून. "चल," म्हणाले. "वर जाऊ."

धावपट्टीच्या कडेला फटाकेकाका गवतात उभे होते. पक्षी हाकलायचं काम त्यांचं. पूर्वी ते सुतळीबॉम्ब उडवायचे, त्यात कान गेले. मग क्लबाने गॅसवर आपोआप धडाडणारी एक नळी आणून बसवली. पहिला आठवडा पक्षी उडाले. आता कबुतरं त्याच नळीवर बसून पंख साफ करायची आणि बार झाला की जरा सरकून घ्यायची.

"काका, आज कसंय?" मास्तरांनी विमानातूनच ओरडून विचारलं.

"जेवलो!" काका ओरडले.

"पक्षी! पक्षी कसे आहेत?"

"मजेत! माझ्यापेक्षा बरे!" आणि त्यांनी धावपट्टीच्या टोकाकडे हात केला. "टिटव्या उतरल्यात तिकडे! मघाशी हाकलल्या! परत येतील, त्यांचं काय जातंय!"

शंका हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी टोकापर्यंत नजर ताणून बघितलं. गवत स्वस्थ होतं.

"ऐक. पक्षी समोर दिसला तर काय करायचं?"

"वर जायचं. घाबरलेला पक्षी बहुधा खाली बुडी मारतो, म्हणून आपण वर."

"आणि आदळलाच तर?"

"मेलेल्या पक्ष्याकडे बघायचं नाही. आधी विमान उडवायचं." तिने हे पाढ्यासारखं म्हटलं, मास्तरांच्याच थकलेल्या सुरात, 'उडवायचं'मधला 'उ' ओढून. मास्तरांनी तिच्याकडे तिरका डोळा केला. हीसुद्धा!

त्यांनी चकरा सुरू केल्या. वर जायचं, मैदानाला वळसा घालायचा, उतरायचं, चाकं टेकली की न थांबता पुन्हा वर. पहिल्या खेपेला मास्तरांनी चाक घेतलं, वारा होता म्हणून. दुसऱ्या खेपेला घेतलं, वारा नव्हता म्हणून. तिसऱ्या खेपेला शंकाने विमान इतकं अलगद टेकवलं की मास्तरांना घ्यायला निमित्तच सापडलं नाही, आणि ते वर निघाले.

तेवढ्यात गवत उडालं. गवत कसलं, टिटव्याच त्या, एकदम सगळ्या, आपल्या त्या कर्कश आरडाओरड्यासकट. पंखांचं काळंपांढरं जाळं समोर उसळलं आणि ठप्प.

आवाज फार मोठा नव्हता. ओला टॉवेल कोणीतरी भिंतीवर मारावा तेवढाच. काचेवर लाल फराटा उमटला, त्यात दोन पिसं चिकटून फडफडत राहिली, आणि हवा यायच्या भोकातून जळक्या पिसांचा वास आत आला.

काच फुटली नव्हती. पण मास्तरांना ते दिसलंच नाही. त्यांचं डोकं गुडघ्यांवर गेलं होतं आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर.

किती वेळ गेला ते त्यांना कळलं नाही. इंजिनाची घरघर चालू होती. त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. दोन्ही होते. विमान हळूहळू चढत होतं, सरळ, शहाण्यासारखं. पुढ्यातलं अर्धं चाक आपलं आपण बारीक डावीउजवीकडे होत होतं. पोरगी चालवतेय, मास्तरांच्या मनात आलं. मी तोंड लपवून बसलो आणि ती चालवतेय. त्यांना लाज वाटली, आणि त्या लाजेखाली काहीतरी मऊ, बरं वाटण्यासारखंही होतं. हात आपोआप चाकाकडे निघाले होते, ते त्यांनी मुद्दाम मांडीवर दाबून धरले. असू दे. तिच्याकडे असू दे.

मैदान मागे पडलं. खाली झाडं आली, मग घरांची छपरं. विमान थोडं डावीकडे झुकलं.

"मास्तर, एक शंका आहे," शंका पुटपुटली.

"बोल."

"आपण डावीकडे का चाललोय?"

"मला काय विचारतेस? तू नेतेयस."

"मी?"

"मग कोण?"

"मी नाही नेत. तुमच्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे? मी म्हटलं का तसं?"

"तुम्ही म्हणता कुठे! तुम्ही घेता! ठप्प झालं आणि मी लगेच सोडलं. म्हटलं, आता काय, घेतलंच असणार."

मास्तरांनी मान वळवून बघितलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, बोटं एकमेकांत अडकवलेली, तपासनीस साहेब वर्गात आल्यावर मुलं बसतात तशी. मग त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. तेही तसेच. आणि पुढ्यात दोन अर्धी चाकं, बिनमाणसाची, वाऱ्याच्या मर्जीने जोडीने डुलत होती. तिला वाटत होतं, मास्तर हलवतायत. त्यांना वाटत होतं, ती हलवतेय.

विमान अजून थोडं झुकलं.

मास्तरांनी हात उचलले. हात थरथरत होते. शंकानेही ते बघितलं. हे हात घेऊन चाक धरायचं म्हणजे चाकही थरथरणार. मास्तरांनी ते परत खाली ठेवले.

"तुझ्याकडे," ते म्हणाले.

"काय?"

"फटाकेकाकांसारखं करू नकोस. तुझ्याकडे म्हटलं."

"माझ्याकडे," शंका म्हणाली आणि तिने चाक धरलं.

विमान सरळ झालं. लाल फराट्याच्या बाजूने, जिथून स्वच्छ दिसत होतं तिथून मान तिरकी करून बघत तिने वळसा घातला.  उतरताना मास्तरांचा पाय दोनदा पेडलकडे सरकला, दोनदा त्यांनी तो मागे ओढला. चाकं टेकली, विमान एक उडी मारून पुन्हा टेकलं आणि थांबलं.

"लँडिंग वाईट झालं," शंका म्हणाली. तिचा आवाज आता कुठे हलत होता.

"घाणेरडं झालं," मास्तर म्हणाले. "पण तुझं झालं."

मेकॅनिकने विमान उघडून बघितलं. पुढचा पंखा ठीक, इंजिन ठीक, काच ठीक. त्याने फडकं पिळलं आणि काच पुसायला घेतली. मॅनेजर रेडिओच्या खोलीतून धावत आले होते.

"मास्तर. मी काय म्हणतो. पक्षी लागला तेव्हा विमान कोणाकडे होतं?"

"तिच्याकडे."

"आणि लागल्यावर?"

मास्तरांनी कंबर चोळली. खोटं बोलणं सोपं होतं, पण त्यालाही अंगात जीव लागतो. "कोणाकडेच नाही," ते म्हणाले.

मॅनेजर थांबले. या वेळी उत्तरासाठी नाही, श्वासासाठी. "म्हणजे? विमान..."

"आपलं आपण चाललं होतं. आमच्यापेक्षा बरं चाललं होतं."

"हसण्यावारी नेऊ नका, मास्तर! मी काय म्हणतो, हे कळवावं लागेल. आता खुर्चीच. दुसरं काही नाही. पुढच्या आठवड्यापासून खुर्ची."

"बरं," मास्तर म्हणाले. वाद घालायला आवाज चढवावा लागतो. "पण हिला धाकट्यांकडे देऊ नका. उद्या सकाळी मी आहे."

संध्याकाळी घरी नळ टपटपतच होता. मास्तर ओट्याजवळच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. टिटव्या, ठप्प, गुडघ्यांतलं डोकं, मांडीवरचे चार हात. ती भाजी चिरता चिरता ऐकत होती.

"मी काही बोलत नाही," ती म्हणाली, "पण या घरात मी दुसरं काय बघत आलेय? नळ तुम्ही बघताय असं मला वाटतं, मी बघतेय असं तुम्हाला वाटतं, आणि तो आपला गळतोय."

मास्तर नळाकडे बघत राहिले.

"हिचं लंबूसारखं झालं तर?" ते हळूच म्हणाले. "पुन्हा?"

तिची सुरी थांबली. "घार आत आली तेव्हा विमान कोणाकडे होतं?"

"त्याच्याकडे. एकटाच होता की तो."

"आणि खाली कोणी आणलं?"

"त्यानेच."

"मग?" ती म्हणाली, आणि पुढे खरोखरच काही बोलली नाही. भाजी चिरायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंका आधीच येऊन बसली होती. तिने दोन चकरा मारल्या. मास्तरांनी एकदाही चाक घेतलं नाही. त्यांनी हात काखेत कोंबून ठेवले होते, थंडी वाजल्यासारखे. दुसऱ्या चकरेनंतर ते म्हणाले, "कडेला घे. थांबव."

तिने थांबवलं. "काही चुकलं?"

मास्तरांनी पट्टा सोडला, दार उघडलं, कमरेवर हात ठेवला. "आई गं." खाली उतरले. पंख्याच्या वाऱ्याने त्यांचे उरलेसुरले केस उभे राहिले. खूप दिवसांपूर्वीचं वाक्य तोंडाशी आलं होतं, पण ते त्यांच्याने म्हणवेना. चहा-बिहा काही नव्हता.

"तुझ्याकडे," ते म्हणाले.

शंका त्यांच्याकडे बघतच राहिली. मग रिकाम्या सीटकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे. तिला बहुतेक शंभर शंका आल्या असाव्यात, पण तिने एकही विचारली नाही.

"माझ्याकडे," ती म्हणाली.

मास्तरांनी दार लावलं आणि ते गवतात मागे सरकले. आपण काहीतरी विसरलोय असं त्यांना वाटत होतं. काय ते आठवेना. विमान निघालं.

फटाकेकाका त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. "एकटी?" ते ओरडले.

मास्तरांनी मान हलवली.

"टिटव्या मी पहाटेपासून हाकलतोय! घसा बसला!" त्यांचा घसा बसल्यासारखा मुळीच वाटत नव्हता.

विमान उचललं. मास्तरांचे दोन्ही हात पुढे आले आणि हवेतलं अर्धं चाक ओढायला लागले. टोकाच्या गवतातून काहीतरी फडफडत उठलं. चार-दोनच असतील. विमानाचं नाक वर गेलं, आणखी वर, आणि टिटव्या त्याच्या खालून शिव्या देत निघून गेल्या.

"मास्तर, हात!" फटाकेकाका ओरडले.

"काय?"

"हात खाली घ्या! तिच्याकडे आहे ना?"

मास्तरांनी हात खाली घेतले. कुठे ठेवावेत कळेना म्हणून पाठीमागे बांधले, मग पुढे, मग खिशात. विमान मैदानाच्या पलीकडून एवढंसं दिसत होतं. त्यांनी त्यावरून नजर काढली नाही. मान भरून आली, डोळ्यांतून वाऱ्याने पाणी यायला लागलं, वाऱ्यानेच असावं, आणि अखेर ते ठिपक्याचं पुन्हा विमान होऊन समोर आलं, टेकलं, एक उडी मारली, पुन्हा टेकलं.

शंकाने विमान त्यांच्यासमोर आणून उभं केलं आणि दार ढकललं. तोंड लालबुंद झालं होतं, हसू कानापर्यंत गेलं होतं.

"मास्तर, एक शंका आहे!"

"बोल बाई, बोल."

"तुमच्या सीटचा पट्टा सुटा होता. वर गेल्यापासून सारखा खळखळ, खळखळ. मी दोनदा दचकले. म्हटलं, मास्तर आले की काय! तो कुठे अडकवायचा असतो?"

मास्तरांनी आत बघितलं. रिकाम्या सीटवर पट्टा वेडावाकडा पडला होता, बकल खाली लोंबत होतं. हेच ते. एकट्याला सोडताना उतरणाऱ्याने आपला पट्टा रिकाम्या सीटवर आवळून बांधायचा असतो, म्हणजे तो कशात अडकत नाही. पूर्वी हात आपोआप करायचे. इतक्या वर्षांत उतरायची सवयच गेली होती.

"तो मी बांधायचा असतो," मास्तर म्हणाले. "विसरलो."

"मग बांधून पुन्हा जाऊ? नीट?"

तेवढ्यात मॅनेजर येऊन पोचले. त्यांना धाप लागली होती, त्यामुळे पहिल्यांदाच ते न थांबता बोलले. "मास्तर छान झालं अभिनंदन मी काय म्हणतो ती खुर्ची आजच वर्गात लावून घेऊ का?"

"घ्या," मास्तर म्हणाले. "खिडकीपाशी लावा. दुपारी बसेन. सकाळी मी इथे असतो."

मॅनेजरांनी तोंड उघडलं. मग विमानाकडे बघितलं, शंकाच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि पुढचं वाक्य सोडायचं राहूनच गेलं.

मास्तर दारातून आत वाकले. कंबर कळवळली, पण "आई गं" म्हणायला श्वास नव्हता. त्यांनी पट्ट्याची दोन टोकं रिकाम्या सीटवर आडवी घेतली, बकल अडकवलं आणि ताणून घट्ट केलं, तिथे कोणीतरी लहान मूल बसलेलं असावं तसं. मग एकदा हलवून बघितलं. खळखळ नव्हती.

"जा," त्यांनी दार लावलं.

विमान वळलं आणि धावपट्टीवर गेलं. फटाकेकाका डोळ्यांवर हात धरून बघत होते. मास्तर गवतात बसले, मग आडवेच झाले. या खेपेला त्यांनी वर बघितलं नाही. मान दुखत होती.

"वर गेली!" थोड्या वेळाने काका ओरडले. "मास्तर! झोपलात की काय?"

"सांगत राहा," मास्तर म्हणाले. "ऐकतोय."